काळा माल बाहेर जात नाही

४ फेब्रुवारी

सगळं बदललं ते आज सकाळी. तिनं तांब्याची कांडी माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, "जपून हं, शुद्ध आहे."

तोपर्यंतचं माझं आयुष्य म्हणजे मामाचं वर्कशॉप, मामाची प्रेस आणि मामाची जीभ. कॉलेज सोडल्यापासून तो मला 'प्राचार्य' म्हणतो. "प्राचार्य, झाडू मारा." "प्राचार्य, तेल संपलंय, बघताय काय?" गिऱ्हाइकांसमोरसुद्धा. मी काही नापास होऊन घरी बसलेलो नाही. दुसऱ्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत धातुशास्त्राचे सर म्हणाले, "तुझ्या उत्तरात आवाज आहे, उत्तर नाही." बाहेरचे परीक्षक हसले. मी जर्नल सरांच्या टेबलावर टाकलं आणि निघून आलो. याला स्वाभिमान म्हणतात. मामाकडे त्यासाठी दुसरा शब्द आहे, तो वहीत लिहिण्यासारखा नाही.

तर ती. त्याच सरांच्या हाताखाली संशोधन करते. कॉलेजची धातू दाबायची प्रेस बंद पडलीय म्हणून आमच्या दारात आली. सोबत पोलादाचा एक जाडजूड ठोकळा, त्याला डाय म्हणायचं, आणि तो ठोकळा उचलायला एक चष्मेवाला सहकारी. त्याच्या शर्टाला इतकी कडक इस्त्री होती, की तो आधी वाकायचा आणि शर्ट मागून विचार करून वाकायचा. मी त्याचं नाव 'इस्त्री' ठेवलंय.

ठोकळ्यात एक भोक आहे. वरून सरळ खाली येतं, मध्येच काटकोनात वळतं आणि बाजूनं बाहेर पडतं. वरून अंगठ्याएवढी जाड कांडी घालायची आणि प्रेसनं ढकलायची. वळणावर बिचारीचे हाल हाल होतात, पण बाहेर येते ती होती तेवढीच जाड. तीही लगेच नाही. मागून दुसरी कांडी रेटल्याशिवाय पहिली बाहेर पडतच नाही.

मामानं वाकून पाहिलं. "बारीक झाली नाही, लांब झाली नाही. मग एवढा जोर लावून केलं काय?"

"बाहेरून काही दिसत नाही," ती म्हणाली. "आत सगळं बदललेलं असतं."

हे म्हणताना ती माझ्याकडे बघत होती. माझ्या डोक्यामागे प्रेसचं दाबाचं मीटर आहे, हे खरं. पण मीटरकडे कुणी असं बघत नाही.

५ फेब्रुवारी

आज तिनं सगळं समजावलं. तांबं आतून दाण्यांचं बनलेलं असतं. वळणावर ते चेंगरतात आणि बारीक होतात. दाणे जितके बारीक तितकं तांबं मजबूत. दुसरा धातू मिसळूनही मजबूत करता येतं, पण मग त्यातून वीज मोकळी वाहत नाही. इथं काहीच मिसळायचं नाही, नुसतं दाबायचं. एकेक कांडी चार वेळा आणि प्रत्येक वेळी पाव वळसा फिरवून, म्हणजे सगळ्या बाजूंनी सारखा मार बसतो.

"नुसतं दाबून मजबूत होत असतं, तर हा माझा भाचा एव्हाना रेल्वेचा रूळ झाला असता," मामा म्हणाला.

ती खळखळून हसली. मामाच्या विनोदाला हसली हे वाईट झालं. पण विनोद माझ्यावर होता, म्हणजे हसताना तिच्या डोक्यात मीच होतो.

एकच गोष्ट मनाला लागली. दोन्ही कांड्या वंगणानं काळ्याकुट्ट होऊन बाहेर आल्या, आणि तिनं त्या तशाच वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत टाकल्या. आमच्याकडे आजोबांपासूनचा नियम आहे : काळा माल बाहेर जात नाही. गॅसच्या टॉर्चनं ताव द्यायचा, वंगण जळून जातं. मग गरम असतानाच अ‍ॅसिडच्या पाण्यात, मग साध्या पाण्यात, मग फडका. तांबं असं निघतं की बघणाऱ्याला त्यात आपला चेहरा दिसावा. मामाचा माल बाजारात विचारला जातो तो याच्यामुळे. मामाच्या स्वभावामुळे नक्कीच नाही.

पुढच्या वेळी तिला काळं काही देणार नाही.

८ फेब्रुवारी

यश! दोन्ही कांड्यांचं माप आलं. एका यंत्रात हिऱ्याचं टोक धातूवर टोचतात आणि पडलेला खड्डा मोजतात. खड्डा लहान तर माल कडक. आमच्या कांड्या दाबण्यापूर्वीपेक्षा दुपटीहून जास्त कडक निघाल्या. हे सांगायला ती स्वतः आली. फोन होता, तरी आली.

आणि म्हणाली, "तू फार छान दाबलंस."

तू! परवापर्यंत तुम्ही होतो.

मामाला सांगितलं नव्हतं, पण त्यानं ऐकलं होतं. "वय बघून म्हणाली रे. आमच्या भाजीवालीलाही कळतं तुला तुम्ही म्हणायची गरज नाही."

महिनाअखेरीस समिती येणार आहे. निकाल पुन्हा तसाच आला तर तिचं काम पुढं चालू राहील, नाही तर प्रकल्प बंद आणि ती घरी. तिला आणखी सहा कांड्या हव्या आहेत. म्हणजे तिचं सगळं भविष्य आता माझ्या हाताखालून जाणार. माझ्या हाताखालून पहिल्यांदाच कुणाचं तरी भविष्य जातंय. आतापर्यंत पत्र्याचे वॉशर जायचे.

ठरवलं, आता मीही तिला तू म्हणणार.

९ फेब्रुवारी

म्हटलं नाही. "मॅडम, तुम्ही चहा घेणार का?" असं निघालं तोंडातून. तेही मामाच्या आवाजात.

१२ फेब्रुवारी

तिच्या बोटाला पट्टी होती. मी विचारलं, तर म्हणाली, "सकाळी घाईत इस्त्री करताना भाजलं." बिचारी. एवढी शिकलेली मुलगी आणि कपडेही स्वतःचे स्वतः करते. इस्त्री (तो) शेजारीच उभा होता, नेहमीसारखा कडक. त्याला साधी हळहळही वाटली नाही. उलट म्हणाला, "मी सांगितलं होतं राहू दे म्हणून." दुसऱ्याच्या घरच्या कामात किती नाक खुपसावं माणसानं!

तो तिला सोडतच नाही. स्कूटरवर दोघं बरोबर येतात. पेट्रोल वाचवत असणार, त्याचा चेहराच तसा काटकसरी आहे. आज दुपारी इथंच डबे उघडले, तर दोघांच्या डब्यात एकच भाजी. खाणावळ एक असेल. कंटाळली असेल ती भाजीला आणि त्यालाही.

आई रात्री म्हणाली, "नखं घासून घासून रक्त काढशील. कुणाला दाखवायचेत एवढे हात?" मी म्हटलं, वंगण विषारी असतं.

१५ फेब्रुवारी

सहा कांड्या झाल्या. दोन दिवस मी प्रेसच्या हँडलला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. पाव वळसा चुकू नये म्हणून प्रत्येक कांडीच्या टोकाला बारीक खूण केली. मामा म्हणाला, "एवढं लक्ष अभ्यासात घातलं असतंस तर."

आणि मग जे केलं ते मन लावून केलं. मामालासुद्धा बाजूला केलं. एकेकीला टॉर्चचा ताव दिला. आधी काळा धूर, मग तांबूस, मग ती मावळतीसारखी लाली. चिमट्यानं उचलून अ‍ॅसिडच्या पाण्यात, छुन्न! निघाली ती नवी नवरी. अशा सहा. मऊ फडक्यात ओळीनं ठेवल्या.

ती आली आणि थबकलीच. "अगं बाई! किती सुंदर दिसतायत! अ‍ॅसिडमध्ये बुडवल्यास का?"

"हो," म्हटलं. सगळी कृती सांगत बसलो नाही. कलाकारानं सगळं सांगायचं नसतं.

तिनं एक कांडी उजेडात धरली. तिचा चेहरा तिच्यात दिसला असणार. मला वाटतं, शेजारी माझाही.

१९ फेब्रुवारी

काय लिहू. कांड्या मऊ निघाल्या. सहाच्या सहा. दुकानातून आणलेल्या कोऱ्या तांब्याइतक्या मऊ, जणू आम्ही त्यांना हातच लावला नव्हता.

ती वर्कशॉपमध्ये येऊन प्रेसकडे बघत उभी राहिली. "दाब कमी पडला होता का?" नाही. "वळसे?" खुणा केल्या होत्या. "मग काय झालं?" मला काय माहीत! तिनं सांगितलं की सर काल सगळ्यांसमोर म्हणाले, पहिली मापं लिहिली होती की रचली होती? समितीसमोर त्यांना हेच विचारावं लागेल. आता प्रश्न नुसता प्रकल्पाचा राहिला नाही. तिला खोटारडी ठरवतायत.

हे सांगताना तिचा आवाज फुटला. मला त्या सरांच्या टेबलावर जर्नलऐवजी प्रेस टाकावीशी वाटली.

मग विचारलं, "मापं घेतं कोण?"

"तोच घेतो," ती म्हणाली. म्हणजे इस्त्री.

झालं तर. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

२० फेब्रुवारी

गेलो. कॉलेजच्या फाटकातून पुन्हा आत पाय ठेवायचा नाही अशी शपथ होती, पण कारण मोठं होतं. प्रयोगशाळेत इस्त्री एकटाच होता, यंत्रात डोळा घालून. मी त्याची कॉलर धरली.

"कांड्या बदलल्यास तू!"

"काय?"

"तिचं नाव व्हावं हे तुला बघवत नाही! तिच्या मागं मागं फिरतोस, तिचा डबा खातोस..."

"डबा?" तो म्हणाला. भीती वाटण्याऐवजी हा माणूस गोंधळला होता. "अरे, सोड आधी. सकाळीच केलीय इस्त्री."

यानंतर बटण तुटलं. ती धावत आली, आमच्या मध्ये पडली, आणि मला दाराबाहेर ढकललं. ढकलताना तिचा हात माझ्या खांद्यावर होता. माझीच काळजी, दुसरं काय. मारामारीत मला लागलं असतं.

२१ फेब्रुवारी

तिनं फोन उचलला नाही. कृतज्ञता लगेच शब्दांत येत नाही.

२४ फेब्रुवारी

मी आज जे लिहिणार आहे ते मला लिहायचं नाही.

ती आली, एकटी. शुद्ध तांब्याची शेवटची कांडी घेऊन. आणखी तांबं यायला दोन महिने लागतील आणि समिती तीन दिवसांनी येणार. "दाब," एवढंच म्हणाली. माझ्या उजव्या बाजूला उभी राहून चारही वेळा बघत होती. मीटर, वळसा, सगळं. भांडणाबद्दल एक शब्द नाही. मी मनात म्हटलं, माफ केलं.

शेवटी मागून आधीच्या सहांतली एक मऊ कांडी रेटली आणि ही निघाली, काळीकुट्ट. तिनं हात पुढं केला.

"थांबा मॅडम, अशी कशी देऊ? दोन मिनिटांत करून देतो." मी टॉर्च पेटवला.

ती किंचाळली. प्रेसच्या आवाजातही मामाला ऐकू गेलं आणि तो धावत आला.

"हे काय करतोयस?"

"साफ. काळा माल आम्ही..."

"आधीच्या सहा? त्यांनाही हे केलंस?"

"सगळ्यांना. एकसारखा ताव. तुम्हीच म्हणालात ना, सुंदर दिसतायत."

ती तेलाच्या डब्यावर बसली. तिनं माझ्या हातातून कांडी घेतली आणि पोटाशी धरली. तिच्या ओढणीला काळं लागलं, तिला भानही नव्हतं. मग हळूहळू सांगितलं. दाबून बारीक झालेले दाणे तापले की पुन्हा वाढतात, मोठे होतात. तांबं मूळपदावर येतं. पहिल्या दोन कांड्या काळ्याच नेल्या होत्या म्हणून वाचल्या. बाकी सहांना आम्ही चार चार वेळा दाबलं, आणि मी एकेका तावात सगळं पुसून टाकलं.

"चमक द्यायला," ती म्हणाली. आणि हसायला लागली. ते हसू मला अजिबात आवडलं नाही, कारण त्यात पाणी होतं.

मामा म्हणाला, "बाई, आजोबांपासून आम्ही असंच..."

"तुमचं बरोबर आहे. वॉशरला चालतं." मग माझ्याकडे वळली. "आणि त्या दिवशी माझ्या नवऱ्याची कॉलर का धरली होतीस, ते सांगशील का आता?"

मी विचारलं, कुणाच्या?

२५ फेब्रुवारी

नवरा. लग्नाला तीन वर्षं झालीत. मामाला माहीत होतं. म्हणतो, "भाजी एक, स्कूटर एक, आडनाव एक. प्राचार्यांना अजून काय, मंगलाष्टकं ऐकवायची होती?"

स्कूटर चालवणारा म्हणून मी त्याचा द्वेष केला. निदान त्या वेळी मी तो कष्टानं केला होता. आता तर कारणही उरलं नाही, आणि द्वेष तसाच आहे. तो कुठं ठेवू?

दिवसभर वॉशर काढले. एकही चमकवला नाही.

२६ फेब्रुवारी

संध्याकाळी तिचा फोन. तिला उद्या मी समितीसमोर हवाय. नुसतं "वर्कशॉपनं तापवलं" असं तिनं सांगून चालणार नाही. सर म्हणतील, आता ही गोष्ट रचली. शेवटच्या कांडीचे दोन तुकडे करायचे. एक काळाच ठेवायचा, दुसऱ्याला मी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ताव द्यायचा, अगदी तसाच, त्याच टॉर्चनं. मग दोन्ही टोचायचे.

"सर असतील?" मी विचारलं.

"असतील ना."

आतापर्यंत लोकांनी मला सांगितलं होतं की काही बिघडवू नकोस. मुद्दाम बिघडवायला पहिल्यांदाच बोलावलं होतं.

मी बघतो म्हटलं आणि फोन ठेवला. मामा पलीकडून ऐकतच होता. "टॉर्च जाणार नाही," तो म्हणाला. "आमच्या हातून माल खराब झाला म्हणून चार शहाण्यांत सांगणार तू? आजोबांच्या धंद्याचं नाव घालवणार?"

"मग ती खोटी ठरेल."

"ठरू दे. तुझी कोण ती?"

याचं उत्तर मी दोन आठवडे रोज तयार केलं होतं. नेमकं आज एकही उपयोगी पडेना.

कशाला जाऊ? तिला नवरा आहे, तो मोजेल. तिला सर आहेत, ते हसतील. मला काय मिळणार? माझी सहा कांड्यांची मेहनत मीच कशी घालवली, हे करून दाखवायचं. त्या माणसासमोर, ज्याच्या टेबलावर जर्नल टाकून मी छाती काढून आलो होतो. आईला सांगितलं, उद्या मी कुठंही जाणार नाही. ती म्हणाली, "मग शर्ट कशाला धुवायला टाकलास?"

उद्या जाणार नाही. पक्कं.

२७ फेब्रुवारी

मामा यायच्या आधी कुलूप काढून टॉर्च आणि सिलिंडर सायकलला बांधून निघालो. वाटेत दोनदा परत फिरलो. दुसऱ्यांदा फिरलो तर समोरून मामा येताना दिसला, म्हणून कॉलेजच्या दिशेला सुटलो. धैर्याची गोष्ट अशी घडली, कुणी विचारलंच तर.

प्रयोगशाळेत समितीचे तिघं, मध्ये सर. इस्त्री यंत्रापाशी. नवा शर्ट. मला बघून त्यानं नुसती मान हलवली. मी कॉलर धरलेल्या माणसानं असं सभ्य वागणं म्हणजे शुद्ध छळ आहे.

"तर हे ते तंत्रज्ञ," सर म्हणाले. त्यांनी ओळखलं होतं. "करा, कसं केलंत ते दाखवा."

मी टॉर्च पेटवला. अर्धी कांडी चिमट्यात धरली. काळा धूर, तांबूस, लाली. आतल्या आत मी दाणे मोठे होताना बघत होतो. त्या दिवशी मला मावळती दिसली होती. अ‍ॅसिड, पाणी, फडका. तुकडा लखलखला. समितीतले एक म्हातारे सहज बोलून गेले, "वा, काय सफाई आहे."

"सफाई आहेच," सर म्हणाले. "तापवलेलं तांबं पुन्हा मऊ होतं, हे आम्ही दुसऱ्या वर्षाच्या शेवटी शिकवतो. यांना तेवढा वेळ नव्हता."

सगळे हसले. तीसुद्धा, थोडं. माझ्या हातात टॉर्च अजून पेटलेला होता. मी चावी फिरवून तो बंद केला. एवढंच केलं. हे मी इथं लिहून ठेवतो, कारण दुसरं कुणी लिहिणार नाही.

म्हाताऱ्यांनी विचारलं, "आधीच्या सहाही तुम्हीच तापवल्या? यांनी सांगितलं होतं का तसं?"

"नाही. यांना माहीतच नव्हतं. यांनी विचारलं होतं अ‍ॅसिडमध्ये बुडवल्या का, मी हो म्हटलं. तावाचं बोललो नाही."

"का बोलला नाहीत?"

इस्त्री चष्मा पुसू लागला. त्याला उत्तर माहीत होतं, आणि तो ते ऐकायचं टाळत होता. मला तो त्या क्षणी जरासा आवडला, आणि त्याचाही राग आला.

"छान दिसायला हव्या होत्या," मी म्हटलं. "म्हणून."

म्हाताऱ्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. सरांनी पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही.

मग टोचणं झालं. चमकदार तुकडा मऊ. काळा तुकडा दुपटीहून कडक, थेट पहिल्या दोघींइतका. इस्त्रीनं आकडा मोठ्यानं वाचला आणि त्याचा आवाज चिरकला. म्हाताऱ्यांनी पुन्हा टोचायला सांगितलं. पुन्हा तेच. सर म्हणाले, "मग पहिली मापं खरीच होती तर." जणू त्यांना आधीपासून हेच म्हणायचं होतं. तिनं टेबलाची कड घट्ट धरली होती, बोटं पांढरी होईपर्यंत. त्यातल्या एकावर भाजल्याचा डाग होता.

मग सगळे यंत्राला जोडलेल्या पडद्याभोवती गोळा झाले. दाणे, वीज, पुढची दोन वर्षं, नवी मोठी डाय. तिच्या बोलण्याला असा वेग मी कधी ऐकला नव्हता. तिच्या खांद्यामागून मीही वाकून बघितलं. काळ्या तुकड्यावर एक टाचणीच्या टोकाएवढा खड्डा होता. सुंदर म्हणावं असं त्यात काही नव्हतं. ती त्याच्याकडे बघत होती.

मी सिलिंडर उचलला. दारापाशी पोचलो तेव्हा ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "जाताना दार ओढून घेशील? उजेडानं खुणा नीट दिसत नाहीत."

हो म्हटलं. आणखी काहीतरी म्हणायचं होतं, चांगलं, लक्षात राहील असं. जिभेवर आलंही होतं. ते तिथंच ठेवलं, बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.